टोळीतलं मलम

पाळी जायच्या सुमाराला मी जी माणसं तोडली, ती सगळी अजून जोडली गेलेली नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पाढे म्हणून घेता घेता छातीतून एकदम वाफ उसळायची, मान आणि कानशिलं पेटायची, ब्लाउज पाठीला चिकटायचा. मग समोर जे पोर असेल त्याची खैर नसायची. मुख्याध्यापक मला वळसा घालून जायला लागले. नवरा म्हणाला, "एकदा बीपी बघून घे." बीपी त्याचंच वाढलं होतं, माझ्यापायी.

शेवटी संभाजीनगरला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी रक्त, छाती, सोनोग्राफी असं सगळं तपासून एक जेल लिहून दिलं. अंडाशयात जे हार्मोन बनतं अगदी तसंच यात असतं, रोज मोजून दंडाला चोळायचं आणि वाळू द्यायचं, असं त्यांनी समजावलं. शिवाय गर्भपिशवी शाबूत आहे म्हणून तिच्या रक्षणाला एक कॅप्सूल. हे प्रत्येकीला चालत नाही, असंही त्यांनी दोनदा बजावलं. मला चाललं. काही आठवड्यांत मी माणसात आले, आणि आल्या आल्या मला धाकट्या बहिणीची आठवण झाली.

धाकटी म्हणायची ती फक्त वयानं. भीमजयंतीला आम्ही विहारात शेजारी बसलो की बाया तिला माझी थोरली समजतात. आईबापानं मला शिकवलं आणि तिचं दहावीच्या आत लग्न लावलं, एवढाच आमच्यातला फरक. दसरा झाला की ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि जयंतीच्या आसपास परत येते. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून ट्रॅक्टरमध्ये नेऊन टाकायच्या. पाळीत अंगावरून कितीही जात असलं तरी उसाच्या फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, आणि घरी बसलं की खाडा, म्हणजे मुकादम तो दिवस कापणार. आमच्या भागात बायका "पिशवी काढली" असं दाढ काढल्यासारखं सांगतात, ते याच्यामुळं. बहिणीची पिशवी काढली तेव्हा तिचा धाकटा अंगणवाडीत जात होता. "पिशवी सडली, कॅन्सर होईल," असं तिला तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. सडलेली पिशवी त्यानं कुणाला दाखवली नाही आणि कुणी बघायला मागितली नाही.

त्यानंतर तिचं सगळं बिघडलं. अंगात आग, हाडांत ठणका, झोपेचा पत्ता नाही. माझ्या बाळंतपणाच्या रजा चालू होत्या त्या वयात ती म्हातारी होत होती, आणि आम्ही घरातली शहाणी माणसं म्हणत होतो की हिचा स्वभावच चिडका झालाय.

मी तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सोनोग्राफी झाल्यावर बाईंनी विचारलं, "दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. तुम्हाला सांगितलं होतं का?"

"मला निसती पिशवी सांगितलती," बहीण म्हणाली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "आक्का, ते काढाया नगं व्हतं का?"

उत्तर माझ्याऐवजी बाईंनी दिलं. पाळी आपोआप जायचं जे वय असतं, तिथपर्यंत तरी हिला हे हार्मोन हवंच, माझ्यापेक्षा जास्त गरज हिला आहे, नाहीतर हाडं ठिसूळ होतील. मी म्हटलं, ट्यूब मी पुरवीन. गेलेलं परत येणार नव्हतं, पण तिची झोप आणि तिची हाडं, एवढं तरी वाचवायचं, हे मी त्या दिवशी मनाशी धरलं.

दसऱ्यानंतर ती निघाली तेव्हा मी अख्ख्या हंगामाच्या ट्यूब एका स्टीलच्या डब्यात घालून दिल्या. किती घ्यायचं, कुठं लावायचं, सगळं तिसरीच्या पोरांना शिकवते तसं घोकून घेतलं. नाताळच्या सुट्टीत तिला भेटायला साखर कारखान्याकडं गेले. तोडकऱ्यांची टोळी संध्याकाळी फडातून आली. बाया कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, तोंड-हात धुऊन बसल्या. बहिणीनं डब्यातून ट्यूब काढली आणि एकेकीनं दंड पुढं केला. लग्नात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावतात, तसं ती प्रत्येकीला बोटभर लावत गेली. सगळ्यात शेवटी उरलंसुरलं स्वतःला. हंगाम अजून अर्धाही झाला नव्हता आणि ती शेवटची ट्यूब होती.

माझं डोकंच फिरलं. "ह्यो काय डोक्याचा बाम हाय का गं? एखादीच्या छातीत गाठ असली तर जीव जाईल तिचा! आणि तुला काय उरलं ह्यात?"

तिचा आवाज चढला नाही. "आक्का, हितं डोकेदुखीची गोळीबी आमी अर्धी अर्धी करून खातो. ह्या समद्यांच्या पिशव्या तशाच गेल्यात. मी एकलीनं कोपीत लपून लावू व्हय?"

बाया माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या दंडावर ते अजून वाळायचं होतं. एवढ्याशानं कुणाचं काही होणार नव्हतं, बरंही नाही आणि बहुतेक वाईटही नाही. ते सांगायची मला हिंमत झाली नाही.

त्यांच्यात एकच जण दंड पुढं न करता भाकरी थापत होती. ती बहिणीची सून. विशीतली, दोन लेकरांची आई, तोडीला त्यांच्याच टोळीत. तिला पाळीत फार जायचं. सगळ्या बाया तिला पिशवी काढ म्हणून मागं लागल्या होत्या आणि ती एकटी नाही म्हणत होती. मला म्हणाली, "मावशी, मी आत्याचे हाल बघते की रोज. कशी काढू?" आत्या म्हणजे तिची सासू, माझी बहीण. पोरगी हुशार वाटली मला. उन्हाळ्यात तुला डॉक्टरीणबाईंकडं नेते, पिशवी न काढताही औषधं असतात, असं मी तिला सांगून आले.

पुढच्या ट्यूब मी पाठवल्या त्या बहिणीकडून शपथ घेऊन. यावेळी तिनं एकटीनं लावल्या. लपूनच लावल्या असणार, मी विचारलं नाही. जयंतीला आली तेव्हा तिला चटकन ओळखलंच नाही मी. डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. मिरवणुकीत ती चक्क नाचली. "लई झोप लागती आक्का," म्हणाली, "अंगातली आगच गेली बघ." मला इतका आनंद झाला की मी भेटेल त्याला सांगत सुटले.

त्या खुशीतच दोन दिवसांनी मी सुनेला न्यायला त्यांच्या घरी गेले. पिशवीत तिचे कपडे भरून तयार होते. मला वाटलं, माझ्याबरोबर यायला निघाली. बहीण म्हणाली, "तालुक्याला नेतोय तिला. काढून टाकतो एकदाची. पुढच्या हंगामात खाडा नगं."

"अगं, तुझे हाल विसरलीस?" मी ओरडलेच. "औषधानं थांबतंय तिचं. माझ्याबरोबर पाठव."

"किती दिस औषिद खायाचं? आन् तिकडं फडात कोन बघनार? माझं झालंच की बरं." तिनं माझा हात धरला. तिच्या बोलण्यात नुसती माया होती. "तवा काय व्हतं आमाला? आता मलम हाय, तू हायेस."

मी सुनेकडं बघितलं. नाही म्हणणारी ती एकटी होती, आणि नाही म्हणायला तिच्याकडं सासूचे हाल एवढं एकच कारण होतं. ते माझ्या ट्यूबांनी संपवलं होतं. मी तासभर भांडले, रडले, निदान अंडाशयं ठेवायला सांगा म्हणून हात जोडले. बहीण 'सांगते' म्हणाली. ती कुणाला काय सांगणार होती, आणि तिचं कोण ऐकणार होतं?

जीप आली. चढता चढता सून थांबली.

"मावशी, ते मलम मलाबी मिळंल ना?"

"मिळंल," मी म्हणाले.