आधी फ्लेक्स, मग कायदा

हातोडा कोरा करकरीत होता. दांड्याला लाल रिबीन बांधलेली. यूसुफभाईंनी तो संपर्क कार्यालयात माझ्या टेबलावर, आप्पांच्या दौऱ्याच्या फायलीवरच ठेवला.

"सोनकांबळे साहेब, पैला घाव आप्पाच्या हातानंच पडला पायजे. मिस्त्री येऊन बसलाय. सामान समदं मेव्हण्याच्या घरी नेलं."

"कशाचा घाव?"

"घराचा! जुनं घर पाडून राहिलो ना आज. कायदा झाला न्हवं?"

माझा चहा तसाच राहिला.

थोडं मागचं सांगतो. मी एका आमदारांचा पीए आहे. मतदारसंघ नांदेड आणि लातूरच्या मधल्या पट्ट्यातला. नाव सांगत नाही, कारण मला अजून नोकरी करायची आहे. आमदारांना सगळे आप्पा म्हणतात. मुंबईचं अधिवेशन संपलं की आप्पा गावोगाव फिरतात आणि कोणता कायदा येतोय, कोणता रस्ता मंजूर झाला, दवाखान्याचं काय झालं ते लोकांना सांगतात. या भाषणांचे मुद्दे मी काढून देतो. आप्पा ते खिशात ठेवतात आणि मनाला येईल ते बोलतात.

त्या वेळी लहान प्लॉटचं विधेयक आलं होतं. आमच्या तालुक्याच्या गावात निम्म्या गल्ल्या अशा लहान प्लॉटवर उभ्या आहेत. आधीच्या पिढीनं ते बाँडपेपरवर घेतले. जागा नियमात बसत नाही म्हणून रजिस्ट्री होत नाही. रजिस्ट्री नाही म्हणून बांधकामाची परवानगी नाही. पत्र्याच्या घरात तिसरी पिढी राहते आणि चौथी पाळण्यात असते. अशा प्लॉटची रजिस्ट्री करून देणारं हे विधेयक आलं तेव्हा मला स्वतःला आनंद झाला होता, कारण माझी बहीण अशाच एका गल्लीत राहते.

पण विधेयक म्हणजे कायदा नव्हे. विधानसभेनं मंजूर केलं की ते विधान परिषदेत जातं. तिथून राज्यपालांच्या सहीला. मग राजपत्रात, म्हणजे सरकारच्या स्वतःच्या छापील पत्रात, प्रसिद्ध होतं. त्यानंतर नियम येतात आणि मग कुठं तुमच्या-माझ्या हातात काही पडतं. यातली पहिली पायरी तेवढी झाली होती.

हे आप्पांना ठाऊक होतं. मलाही होतं. गजाननलाही होतं. गजानन म्हणजे आप्पांचा उजवा हात, आणि त्या हातात कायम फ्लेक्सवाल्याचा नंबर. आमच्याकडे एका कायद्याचे तीन सत्कार होतात. मांडला की एक, मंजूर झाला की एक, लागू झाला की एक. तिन्ही वेळा फ्लेक्स तोच, फक्त जॅकेटचा रंग बदलतो. या वेळी आप्पा मुंबईहून निघायच्या आत बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला होता. आप्पा हात जोडून हसताहेत आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'कायदा झाला! सर्व प्लॉटधारकांचे हार्दिक अभिनंदन!' आप्पांनी गाडीतून तो पाहिला आणि फोटो चांगला आलाय म्हणाले. मीही काही बोललो नाही. असल्या गोष्टी कोणी मनावर घेत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

यूसुफभाईंनी घेतली.

त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. रजया, लोड, तक्के. आमच्या गावात बहुतेक लग्नांची गादी त्यांच्याच हातची. माणूस सरळ, आणि बोलायला एकदम गोड. अशा माणसाला वाईट बातमी देणं फार जड जातं.

"यूसुफभाई, बसा जरा," मी म्हणालो. "कायदा अजून लागू नाही झाला. घर पाडू नका."

ते हसले. "मस्करी करता काय साहेब?"

"खरं सांगतोय. आणि दुसरी गोष्ट ऐका. त्या विधेयकात एक कलम आहे. नगरपंचायतीचे लोक पंचनाम्याला येतील त्या दिवशी ज्या प्लॉटवर बांधकाम उभं असेल, तोच प्लॉट नियमित होणार. मोकळ्या जागा बळकावणाऱ्यांना आत घुसता येऊ नये म्हणून हे कलम टाकलंय. तुम्ही आज भिंत पाडली तर तुमचा प्लॉट मोकळा ठरेल. तुमच्या वडिलांचा बाँडपेपर एकटा पुरणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीतून बसस्टँडकडे.

"बोर्डावर तर आप्पाचा फोटो हाय," ते म्हणाले. "आता तुमचं खरं मानू का आप्पाचं?"

हातोडा तिथंच ठेवून ते गल्लीत घातलेला मांडव बघायला निघून गेले.

आप्पा आले तसं मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. गजानन मागोमाग आलाच.

"आप्पा, मांडव घातलाय. चॅनलवाले आलेत. हार आलेत. आता न्हाई म्हणलं तर इज्जत जाईल," गजानन म्हणाला.

आप्पा मला म्हणाले, "सोनकांबळे, तुम्ही त्याला हळूच बाजूला घ्या अन् कानात सांगा. दोन वीट काढू, फोटो काढू, बाकी घर राहू द्या म्हणावं."

"सांगितलं मी. ऐकत नाहीत. फ्लेक्सवर तुमचा फोटो आहे म्हणतात. आणि समजा त्यांनी ऐकलं, तरी गल्लीतले बाकीचे? तुम्ही भिंतीवर हातोडा मारताना त्यांना दिसलात तर उद्या सगळी गल्ली पाडायला घेतील."

आप्पांनी टेबलावरचा हातोडा उचलून हातात तोलून पाहिला. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. चिडले की खूप बोलतात, अडचणीत आले की गप्प होतात. हातोडा हातात घेऊनच ते गुपचूप गाडीत बसले आणि मला वाटलं, आता हे घाव घालणार.

गल्लीत सतरंज्या अंथरल्या होत्या. रूहअफजाचं सरबत होतं. आप्पांना फेटा बांधला. शेजारच्या घरांच्या दारांत बायका उभ्या होत्या आणि गल्लीतले बरेच पुरुष दुकानं बंद करून आले होते. कॅमेरेवाला म्हणाला, "आप्पा, जरा भिंतीकडं तोंड करा."

आप्पा भिंतीकडे न वळता घरात शिरले. मी त्यांच्या मागे होतो. आत काहीच उरलं नव्हतं. भिंतीवर कपाटाच्या मापाचा पांढरा चौकोन होता, कारण कपाटामागचा चुना तेवढा धुरानं काळा झाला नव्हता. कोपऱ्यात चूल होती, तिच्यात गार राख. यूसुफभाईंच्या घरच्या, खैरूनबी, दाराशी एक डबा घेऊन उभ्या होत्या. शेवटचं सामान असावं.

"भाभी, घर होईपर्यंत कुठं राहणार?" आप्पांनी विचारलं.

"भाई के घर. पन वो भी कित्ते दिन रखेगा?" त्या म्हणाल्या. "आप बोले कानून हो गया, तो हम निकल गए."

आप्पा बाहेर आले. हातोडा त्यांनी खुर्चीवर ठेवला. माईक हातात घेतला आणि नेहमीसारखं 'माझ्या तमाम बंधू-भगिनींनो' न म्हणता एकदम सुरू केलं.

"कायदा झाला न्हाई. एका सभागृहात मंजूर झालाय. अजून दुसरं सभागृह हाय, राज्यपालांची सही हाय, राजपत्र हाय. किती दिवस लागतील मला सांगता येत न्हाई. तवर कुणी वीटसुद्धा हलवू नका. भिंत उभी असंल तरच तुमचा प्लॉट तुमचा ठरंल. ज्यानं पाडली त्याचं नुकसान होईल, अन् मग मी बी काही करू शकणार न्हाई."

सरबत वाटणारा जागच्या जागी उभा राहिला. यूसुफभाई पुढं आले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आप्पा, मग बोर्डावर काय लिवलंय?"

"चूक लिवलंय."

"कुणी?"

गजाननचं तोंड उतरलं. आप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "फोटो माझा हाय ना? मग माझीच चूक."

मागून कोणीतरी म्हणालं, "फुकट दुकान बंद केलं." दुसरा हसला. मांडवातून माणसं उठायला लागली. यूसुफभाई खाली बघत उभे होते. चार लोकांत बोलावून आणलेला पाहुणा असं बोलला की माणसाला कुठं तोंड लपवू असं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. आप्पांचा मला त्या क्षणी अभिमान वाटला आणि रागही आला, कारण हेच वाक्य त्यांनी फ्लेक्सखालून जाताना गाडीत म्हणायला हवं होतं. आणि मीही.

खैरूनबींनी हातातला डबा उंबऱ्याच्या आत ठेवला.

"मैं पैलेच बोली थी, कागज हात में आए बगैर घर नको तोडो बोलके," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जाव, सामान वापस लाव." मग आप्पांकडे वळल्या. "सरबत तो पियो. बनाए सो है."

आप्पांनी उभ्या उभ्या ग्लास संपवला.

संध्याकाळी फ्लेक्स उतरवायला गजानन स्वतः शिडीवर चढला. तो गुंडाळत होता तेवढ्यात यूसुफभाई आले.

"फेकू नका तो. मला द्या. पत्रा गळून राहिला माझा. घर पाडायचंच हाय म्हणून औंदा डांबर मारलं न्हाई."

त्या पावसाळ्यात यूसुफभाईंच्या पत्र्यावर आप्पा हात जोडून पडून होते. विटांखाली दाबलेले. शेजारच्या गच्चीवरून दिसायचे, आणि विरोधी पक्षाच्या पोरांनी त्याचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. नगरपंचायतीच्या निवडणुकीत तो वॉर्ड आमच्या हातून गेला. कायदाही लवकर आला नाही. विधेयक दुरुस्तीत अडकलं, परत आलं, पुन्हा गेलं. यूसुफभाई रस्त्यात भेटले की सलाम करायचे, पण ऑफिसात यायचे नाहीत.

शेवटी राजपत्र निघालं, नियम आले. भिंत उभी असल्याची ती अट कायम होती. नगरपंचायतीचे लोक टेप घेऊन त्या गल्लीत शिरले तेव्हा सगळी घरं जागेवर होती. यूसुफभाईंची रजिस्ट्री झाली. त्यांनी घर पाडलं ते कोणालाही न बोलावता. पहिला घाव खैरूनबींनी घातला, असं मला मागाहून कळलं.

आप्पांनी विचारलं, "आपल्याला बोलावलं न्हाई का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

त्यानंतर एक दिवस यूसुफभाई ऑफिसात आले. अंगावर सिमेंटची धूळ होती. त्यांनी काखेतली एक मोठी घडी टेबलावर उलगडली. फ्लेक्सच होता. आप्पांचा चेहरा उन्हानं पार उडून गेला होता, हसू तेवढं पुसटसं दिसत होतं. विटांचे डाग पडलेले, एक कोपरा फाटलेला. खालची लाल अक्षरं मात्र अजून वाचता येत होती.

"स्लॅब टाकला. आता पत्र्याचं काम न्हाई," ते म्हणाले. "आप्पाला म्हणावं, आता लावा. आता खरं हाय."

आप्पांनी तो लावला नाही आणि फेकूही दिला नाही. माझ्या मागच्या कपाटावर घडी करून ठेवलाय. अधिवेशन संपलं की गजानन मोबाइल काढून विचारतो, "सोनकांबळे साहेब, काय छापायला टाकू?" मी कपाटाकडे बोट करतो. मग तो मोबाइल खिशात ठेवतो आणि राजपत्र कधी निघणार ते विचारतो.