राउंडअबाउटवर चार दिवे लावणारा माणूस

विनायक गेला त्याला आज वर्ष झालं, आणि सकाळपासून नऊ जणांनी मला तोच विनोद पाठवलाय.

दर मेसेजला फोन थरथरतो, टेबल हलतं, चहा बशीत सांडतो. शोक करणाऱ्या माणसाला एक कप चहा धड पिता येत नाही, याची मराठी मंडळाने पुढच्या मीटिंगमध्ये नोंद घ्यावी.

विनोद सगळ्यांना पाठ आहे.

विन्या नॉटिंगहॅममध्ये नवा. सेकंडहँड मोटरसायकल घेऊन पहिल्याच दिवशी राउंडअबाउटवर, म्हणजे मोठ्या गोल चौकात. सरळ जायचंय, म्हणून पुण्याच्या सवयीने चारही इंडिकेटर लावले.

इथे त्याचा अर्थ, गाडी बंद पडलीय.

मागचा व्हॅनवाला बिचारा उतरून मदतीला आला. विन्या हाताने ‘जा, जा’ करतोय आणि तो गाडी ढकलतोय. मागे अर्धं शहर खोळंबलंय.

हा किस्सा मी दर दिवाळीला सांगितलाय. दर दिवाळीला हॉल हसलाय.

काल विन्याच्या मुलीने, इराने, ग्रुपवर फोटो टाकला. सतराची झाली. मोटरसायकलचं ट्रेनिंग पूर्ण, एल-प्लेट लावलेली गाडी, चेहरा उजळलेला.

खाली लगेच कुणीतरी लिहिलं, बाबासारखी चार दिवे लावून मध्येच उभी राहू नकोस हं.

मग तिचा मला वेगळा मेसेज.

“काका, बाबा खरंच इतका बॅड रायडर होता? आई म्हणते, मी पण तशीच चालवणार.”

बॅड रायडर!

मोटरवेवर पुढचं ट्रॅफिक अचानक थांबलं, की विन्या ब्रेकबरोबर हॅझर्ड, म्हणजे तेच चार दिवे, लावायचा. आरशात मागची गाडी हळू झालेली दिसली, की बंद. मलाही तेच घोकायला लावलं. मी म्हणायचो, काय रोषणाई लावलीयस.

“अरे, मोटरसायकलचा मागचा दिवा असतो केवढा? आपण थांबलोय हे मागच्याला कळायला नको?”

मागच्या महिन्यात धुक्यात, ड्युअल कॅरिजवेच्या भरधाव रस्त्यावर माझ्या गाडीची चेन तुटली. गाडी कशीबशी कडेला घेतली. थांबायला हार्ड शोल्डरची पट्टी नाही, काही नाही. अंगठ्याने हॅझर्डचं बटण दाबलं.

मागून आलेली लॉरी लांबूनच लेन बदलून गेली.

मी गवतावर बसलो आणि सांगायला म्हणून विन्याचा नंबर काढला. मग फोन खिशात ठेवला.

इरा, तुला सकाळी फोनवर सांगितलं, ते आता इथे ग्रुपवर लिहितो. कारण हसलेले सगळे इथेच आहेत.

ती मोटरसायकल माझी होती. राउंडअबाउटवरचा शहाणा मी होतो. विन्या मागून येत होता. त्यानेच उतरून व्हॅनवाल्याची माफी मागितली.

पहिल्या दिवाळीत स्वतःचं हसं नको म्हणून मी किस्सा त्याच्या नावावर खपवला. तो समोरच बसला होता. सगळे हसले, तोही हसला.

नंतर कार पार्कमध्ये सॉरी म्हणायला गेलो. हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, “राहू दे रे. तू नवीन आहेस, लोक तुला त्यावरूनच ओळखतील. मला काय फरक पडतो?”

पडला, विन्या. तुझ्या पोरीला पडला.

किस्सा यापुढेही खुशाल सांगा. नाव माझं घ्या.

विन्या, मनापासून नमस्कार.