टाकी भरायला किती वेळ

त्याला आजूबाजूचे सगळे ‘पदवीधर’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे ज्याचं त्याला ठाऊक. नळ गळायला लागला की जिन्यातून हाक यायची, “अहो, त्या पदवीधराला बोलवा, बेसिन तुंबलंय.” मग पदवीधर खांद्यावर कॅनव्हासची पिशवी टाकून यायचा, गुडघे टेकायचा आणि सिंकखालच्या अंधारात डोकं घालायचा. प्लंबरचं निम्मं आयुष्य लोकांच्या पायांशी जातं. हा तर माणसं चेहऱ्यावरून कमी आणि चपलांवरून जास्त ओळखायचा.

पदवी मात्र खरी होती. भूगोलाची. दिवसा पाइप आणि संध्याकाळी कॉलेज, अशी सहा वर्षं खर्ची घालून मिळवलेली. तिचा कागद वडिलांनी खिडकीशेजारी टांगला होता आणि त्याखालच्या बाकावर ते स्वतः बसायचे. वडीलही प्लंबरच. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या फरशीवर टेकून गुडघे कामातून गेले होते. उठायचं झालं की आधी खिडकीच्या गजाला हात, मग एक शिवी, मग माणूस उभा.

पाणीपुरवठा खात्यात पदवीधर प्रशिक्षणार्थी भरायची सरकारी योजना होती. तिच्या अभियोग्यता चाचणीला पदवीधर दोनदा बसला आणि दोनदा आपटला. वयाची अट तिशीपर्यंत. त्याला तिसावं संपत आलेलं. म्हणजे ही तिसरी वेळ, आणि शेवटची.

नोकरी म्हणजे खुर्ची, एवढंच त्याच्या डोक्यात नव्हतं. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा जोडणीचा अर्ज द्यायला तो त्या खात्यात गेला होता, तेव्हा एका उघड्या दारातून त्याला नकाशा दिसला. सगळ्या शहराखालचं पाणी, निळ्या रेघांनी, भिंतभर. भिंतीला कान लावून, हाताला लागणाऱ्या गारव्यावरून ज्या पाण्याचा माग काढत तो वाढला, ते असं उघड्यावर पसरलेलं त्याने पहिल्यांदा पाहिलं. टेबलाशी बसलेल्या माणसाने खोडरबर घेतला, एक वळण पुसलं आणि दुसरीकडून काढलं. ज्या वळणासाठी आपण तीन दिवस रस्ता खणला असता, ते त्याने बसल्या जागी फुंकर मारून उडवलं! पदवीधर दारात इतका वेळ उभा राहिला, की शिपायाने विचारलं, “काय, काही पडलंय का तुमचं?”

पडलं होतंच. ते उचलायला तो पुन्हा पुन्हा अर्ज भरत होता.

चाचणी अशी : चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं. आकडे, आकृत्या, तर्क आणि शेवटी ‘अशा प्रसंगी तुम्ही काय कराल’ छापाचे काही. पास व्हायला अठ्ठावीस बरोबर हवेत. पहिल्या वेळी त्याने सोडवले एकोणीस, दुसऱ्या वेळी बावीस. सोडवलेले झाडून सगळे बरोबर. पण सोडवलेलेच कमी.

“म्हणजे तू हुशार आहेस, पण उपयोगाचा नाहीस,” ताई म्हणाली. ताई शाळेत गणित शिकवायची आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायची. या खेपेला तिने सूत्रं हातात घेतली. रोज सकाळी साडेसहाला ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी हजर व्हायची. पर्समधून पुस्तक काढायची, पेन्सिल काढायची आणि कोंबडीच्या आकाराचं एक अलार्मचं घड्याळ काढायची. कोंबडीची मान पिळली की ती टिकटिकायला लागे.

“ऐक. एक नळ टाकी चार तासांत भरतो. दुसरा नळ भरलेली टाकी सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम उघडले, तर टाकी किती तासांत भरेल?”

“दुसरा उघडला कुणी?”

“काय?”

“रिकामी करणारा. तो कुणी उघडला?”

“कुणी का उघडेना!”

“असं कसं? टाकी भरतेय आणि खालचा नळ उघडा. घरात माणसं आहेत की नाहीत?”

“बरोबर विचारतोय तो,” बाकावरून वडील म्हणाले. “आधी खालचा बंद करायचा. चार तास. झालं उत्तर.”

“बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका.”

“शिवाय ताई, टाकीत पाणी चढेल तसा खालचा नळ जोर धरणार. पुस्तकातला नळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने कसा काय वाहतो?”

कोंबडी किंचाळली. ताईने तिच्या डोक्यावर थापट मारली. खरं तर ती दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर मारायची होती.

“बारा तास. उत्तर बारा! दीड मिनिट झालं आणि तू अजून चौकशी समिती नेमतोयस.”

“बारा तास पाणी वाया?” पदवीधराचा चेहराच उतरला.

“हे बघ, पुस्तकातली टाकी कुणाच्या गच्चीवर नसते. त्यातलं पाणी कुणी पीत नाही. ती फक्त भरते आणि रिकामी होते.”

हे वाक्य त्याला दिवसभर टोचत राहिलं. कुणाचीच तहान न भागवणारं पाणी. पण संध्याकाळी त्याने तसल्या पंधरा टाक्या भरल्या आणि खालचा नळ कुणी उघडला, हे एकदाही विचारलं नाही.

खरी अडचण मात्र टाक्यांची नव्हतीच. ती दहाव्या दिवशी उघडी पडली. तिसऱ्या प्रश्नावर गाडी अडली. आकृत्यांची रांग होती. त्रिकोण फिरत होते, ठिपके उड्या मारत होते. दोन मिनिटं गेली, चार गेली.

“सोड तो. पुढचा घे.”

“अर्धा झालाय.”

“म्हणून म्हणते, सोड.”

“ताई, खोललेला सांधा तसाच टाकून कुणी उठतं का? लोक काय म्हणतील?”

“इथे लोक नाहीत रे! इथे मी आहे आणि ही कोंबडी आहे!” ताईने पेन्सिल टेबलावर आपटली. तिचे डोळे भरून आले होते. “दोन वर्षं हेच चाललंय तुझं. तुला येत नाही असं नाही. तुला उठता येत नाही. शेवटची वेळ आहे, कळतंय ना?”

 कोंबडीची टिकटिक चालूच होती.

वडिलांनी गजाला हात घातला, शिवी दिली आणि उभे राहिले. हळूहळू टेबलापर्यंत आले.

“ती चार मजली इमारत आठवते? एका सकाळी अकरा घरांतले नळ गळत होते ती.”

“आठवते.”

“तू पहिल्याच घरात शिरलास. नळाच्या पेचाचा आटा झिजून गेलेला. तास झाला तरी तू तिथेच. वरची दहा घरं माझ्या नावाने शंख करतायत. मी काय केलं?”

“तुम्ही सगळीकडे फिरलात.”

“फिरलो. जिथे वॉशरने भागत होतं तिथे वॉशर घातला. जिथे आटा गेलेला, तिथे खाली बादली ठेवली आणि पुढे गेलो. मग सावकाश परत आलो. बादली ठेवणं म्हणजे काम टाकून पळणं नव्हे, शहाण्या. बादली ठेवली म्हणजे मी परत येणार आहे.”

पदवीधर त्या फिरणाऱ्या त्रिकोणांकडे बघत राहिला. मग त्याने प्रश्नाच्या कडेला पेन्सिलीने एक छोटासा गोल काढला.

“हे काय?” ताईने विचारलं.

“बादली.”

त्या दिवशी कोंबडी ओरडली तेव्हा त्याचे एकतीस झाले होते. ताईने शाळेला उशीर केला आणि आणखी एक चहा घेतला. निघताना वडिलांना म्हणाली, “इतके दिवस ही गोष्ट कुठे दडवून ठेवली होतीत?”

“कुणी विचारलं तर सांगणार ना! तुम्हीच म्हणता, मध्ये बोलू नका.”

प्रसंगांच्या प्रश्नांचं घोडं मात्र अडलंच होतं. त्यावर उपाय सापडला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. काकू सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. चपला हिरव्या, टाचेशी झिजलेल्या. पदवीधर त्यांच्या सिंकखाली आडवा पडलेला आणि काकू खुर्चीवर बसून, चष्मा लावून, त्याचंच पुस्तक मोठ्याने वाचतायत, असा तो अभ्यास.

“सहकाऱ्याच्या फायलीत तुम्हाला चूक आढळली. तुम्ही काय कराल?”

“दुरुस्त करीन,” सिंकखालून आवाज आला.

“हात मोडतील! दुसऱ्याच्या फायलीला हात लावायचा नसतो.”

“मग?”

“त्याला कळवायचं. नाहीच ऐकलं तर वरिष्ठांना, लेखी.”

“आणि तोवर चूक तशीच?”

“तोवर आवक क्रमांक घ्यायचा.”

“काकू, अशाने घर बुडेल.”

“घर बुडतं. पण कुणी कधी कळवलं होतं, ते कागदावर राहतं,” काकू म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की हिरव्या चपलेतला एक पाय बाहेर आला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “तसं सगळेच नसतात रे. पण परीक्षेत हेच लिही.”

चाचणीच्या दिवशी त्याला तिसऱ्या खिडकीजवळची जागा मिळाली. इमारत जुनी, खात्याचीच. प्रश्नपत्रिका हातात पडली, घंटा झाली आणि पहिलाच प्रश्न वाचताना त्याला ते ऐकू आलं.

टप्.

खोलीत शंभरेक उमेदवार. बाकी कुणाला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. भिंतीच्या आत, जमिनीपासून दोनेक फुटांवर, वळणाचा सांधा. थेंब पडतोय तो आत साचलेल्या पाण्यावर. म्हणजे आजचं दुखणं नव्हे, निदान महिनाभराचं. पदवीधराचे हात शिवशिवले. मान त्या दिशेला वळलीसुद्धा. पर्यवेक्षकांनी पाहिलं तेव्हा त्याने ती परत आणली.

टप्.

भिंतीतलं पाणी त्याला लहानपणापासून हाक मारत आलं होतं, आणि त्याने कधी ओ दिली नाही असं झालं नव्हतं. त्याने डोळे मिटले. मग प्रश्नपत्रिकेच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, कुठल्याच प्रश्नाजवळ नाही असा, एक छोटा गोल काढला. भिंतीसाठी. आणि कामाला लागला.

सतराव्या प्रश्नात टाकी भेटली. एक नळ तीन तासांत भरणारा, दुसरा सहा तासांत, आणि खालचा चार तासांत रिकामी करणारा. तिन्ही उघडे. जुन्या ओळखीच्या माणसाला रस्त्यात नुसती मान हलवून पुढे जावं, तसं त्याने ‘चार तास’वर खूण केली आणि पुढे गेला. पहिल्या फेरीत एकोणतीस झाले. अकरा बादल्या राहिल्या. परत फिरून पाच रिकाम्या केल्या, तोवर घंटा झाली. सहा तशाच राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो सहा ठिकाणी गळती ठेवून उठला, आणि छत काही कोसळलं नाही.

बाहेर येऊन त्याने दारावरच्या रखवालदाराला गाठलं. “तिसऱ्या खिडकीखाली भिंतीत गळतंय. वळणाचा सांधा आहे. पिशवी घरी आहे, नाहीतर आत्ताच…” इथे त्याने जीभ चावली. “कुणाला कळवू?”

“लेखी द्या.”

त्याने दिलं. चार ओळी, शेजारी छोटी आकृती. रखवालदाराने आतून शिक्का मारून आणला. आवक क्रमांक दोनशे सात.

निकाल लागला तेव्हा तो पुन्हा काकूंच्या सिंकखाली होता. फोन वाजला. हात ओले, म्हणून काकूंनीच स्पीकर चालू केला.

“तीस!” ताई शाळेतून ओरडली. मागे पोरांचा गलका.

“कुणाला?”

“तुला, गाढवा! तीस बरोबर! पास झालास! आता फक्त कागदपत्रं दाखवायची, मग प्रशिक्षण!”

पदवीधर ताडकन उठला. सिंकखालून ताडकन उठायचं नसतं, हे प्लंबरला सांगावं लागू नये. पण डोकं सिंकवर आदळून भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि तो परत आडवा झाला.

“लागलं का रे?” ताईने विचारलं.

“लागलं, लागलं,” काकूंनी उत्तर दिलं. “डोकंही आणि नंबरही.”

कागदपत्रं तपासायला त्याला त्याच इमारतीत बोलावलं होतं. पदवीचा कागद वडिलांनी स्वतः खिळ्यावरून उतरवून, काच पुसून दिला होता. काम अर्ध्या तासात आटपलं. खाली उतरताना त्याने चाचणीच्या खोलीत डोकावून पाहिलं. तिसऱ्या खिडकीखाली ओल आता बाहेर आली होती. भिंतीवर ती फांद्या फुटत पसरली होती, एखाद्या नकाशासारखी. खाली एक बादली. बादलीवर पांढऱ्या रंगात खात्याचं नाव. आणि वर, चिकटपट्टीने लावलेला त्याचाच अर्ज. क्रमांक दोनशे सात, खाली लाल शाईत ‘कार्यवाही सुरू’.

तो बराच वेळ एकटाच हसत उभा होता. मग वाकून बादली बघितली. भरत आली होती. खिडकीबाहेर झाडांचा वाफा होता. त्याने बादली उचलून तिथे ओतली आणि पुन्हा नेमकी थेंबाखाली ठेवली. फायलीला हात लावला नव्हता. बादलीबद्दल काकू काही बोलल्या नव्हत्या.

घरी वडील बाकावर वाट बघत होते. डोक्यावरचा खिळा मोकळा. त्याने पदवीचा कागद परत जागेवर टांगला आणि सगळं सांगितलं : कागद पास झाले, पहिल्या तारखेपासून रुजू व्हायचं, नकाशाच्या खोलीशेजारीच टेबल.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसायला त्यांना बराच वेळ लागला, म्हणून मध्येच खोकून घेतलं. मग विचारलं, “आणि ती भिंतीतली गळती? बंद झाली का?”

“नाही. बादली ठेवलीय.”

“अस्सं,” वडील म्हणाले आणि समाधानाने पाय पसरले. “मग काम आहे म्हणायचं तिथे.”