न्हाणीची पांढरी भिंत

"चार दिवसांचं तर काम," असं म्हणून यांनी न्हाणीच्या भिंतीचा सगळा गिलावा उतरवून टाकला. ओल पलीकडे स्वयंपाकघरात येत होती, हे खरं. पण साधा नवा गिलावा यांना चालेना. मुंबईत कुणाकडे तरी पांढऱ्या चकचकीत लाद्या पाहून आले होते, तश्शाच हव्या. तेव्हा, म्हणजे एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत, आमच्या आळीत सिमेंटसुद्धा नवलाईचं, तर लाद्यांचं काय सांगू!

बरं, न्हाणी बंद म्हटल्यावर आम्ही बायकांनी आंघोळ करायची कुठे? तर परसात विहिरीच्या कडेला, दोरीवर दोन जुनी लुगडी टाकून, पुरुषमाणसं उठायच्या आत. त्यात नाशिकची पौषातली थंडी. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं वाऱ्यावर उडणारं लुगडं धरायचं. मला दुसरं काही नको होतं हो. दाराला आतून कडी लावून न्हायला मिळावं, एवढंच.

मिस्त्री मालेगावकडचे, वयस्कर. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "माई, या लाद्या लई तहानलेल्या असतात. रातभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर सिमेंटातलं पाणी पिऊन टाकतील. मग भिंत धरायच्या नाहीत."

सासूबाईंनी आतून ऐकलं. "हौदात नाही हं बुडवायच्या! चिनी मातीत हाडांची भुकटी असते. सगळं पाणी ओवळं होईल." चिनी मातीची कपबशीसुद्धा त्या चुलीजवळ येऊ देत नसत.

मी म्हटलं, "अहो, पण मग भिंतीला कशा चालतात?"

"भिंतीला काय सोवळ्यात स्वयंपाक करायचाय?"

यांनी आईचीच री ओढली. चाचांना म्हणाले, "वरून पाणी शिंपडा नि बसवा."

"साहेब, शिंपडून कुणाची तहान भागते का?" चाचा म्हणाले. पण बसवल्या बापड्यांनी.

दोन दिवसांनी मी भाकरी थापत होते, तर पलीकडे खण्णकन आवाज. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत अर्ध्या भिंतीच्या लाद्या खाली. हे म्हणतात, "सिमेंटच हलकं असणार." सासूबाई म्हणतात, "मी आधीच सांगितलं होतं, गिलावा बरा." म्हणजे चूक कुणाचीच नाही, आणि मी आपली परसातच!

मी उठले. माझं माहेरचं तांब्याचं घंगाळ ओढत आणलं, विहिरीचं पाणी शेंदून भरलं आणि फुटक्या वगळून सगळ्या लाद्या त्यात बुडवल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या.

"ते घंगाळ आता पुन्हा न्हाणीत यायचं नाही."

"नाही आणणार."

"चिंचेनं घासलंस तरी नाही!"

"बरं म्हटलं ना."

घंगाळ गेलं ते गेलंच. जीव तुटला माझा, पण लाद्या या खेपेला घट्ट बसल्या. सिमेंट वाळायला चाचांनी आणखी आठ दिवस घेतले. शेवटी एकदाची मी आत गेले, कडी लावली, पत्र्याच्या डब्यात ऊन पाणी विसणलं आणि पहिला तांब्या खांद्यावर घेतला. तेवढ्यात दाराबाहेर यांचा आवाज, कुणा पाहुण्यांना घेऊन आले होते, "या ना, बघा तर खरं! अगदी मुंबईसारखी भिंत केलीय आम्ही!"

मी दुसरा तांब्या भरला आणि आतून दाराच्या फळीवर फाडकन मारला. पाणी फटीतून बाहेर उडालं असावं, कारण पाहुण्यांची पावलं झपाझप मागे फिरली.

मग मी सावकाश न्हाले. डबा रिकामा होईपर्यंत.