काउंट नॉर्मल आला

पित्ताशयाला सूज आली म्हणून बाबांना हॉस्पिटलात भरती केलं तेव्हा पहिल्याच रिपोर्टात पांढऱ्या पेशी चोवीस हजार होत्या. लॅबच्या अ‍ॅपमध्ये आकडा लालभडक. आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून पुण्याला, धायरीत माझ्याकडे आणलं होतं. ताई नागपूरलाच. ती रोज फोनवर एकच विचारायची, "येऊ का रे?"

मी पेशाने टेस्टर. खराडीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. लाल म्हणजे नापास, हिरवं म्हणजे पास. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी बाबा म्हणायचे, "घ्या, साहेबांनी बग काढला."

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात अ‍ॅप उघडलं. नऊ हजार. हिरवं. हुश्श! लगेच ताईला फोन लावला. ती बॅग घेऊन स्टेशनला निघालीच होती.

"काउंट नॉर्मल आलाय. धावपळ करू नकोस, रविवारी निवांत ये."

"नक्की ना?"

"अगं, टेस्टर आहे मी."

ती हसली. तिकीट रद्द केलं.

दुपारी आयसीयूतून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला रोखठोक. "अहो, काउंट बरं वाटलं म्हणून उतरलेला नाही. या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. सूज आली की मगज आधी साठा बाहेर काढतो. तो संपला की अर्धवट, कच्च्या पेशी पाठवतो. त्याही खर्ची पडल्या की आकडा खाली येतो. कच्च्या पेशी भरपूर आहेत, असं रिपोर्टात शेवटी लिहिलं होतं. आपण वाचलं नाहीत?"

मी म्हणालो, "म्हणजे बेंचवर कामाविना बसलेले संपले, मग नवखे फ्रेशर पाठवले, तेही संपले." हे मी खरंच बोललो.

बाबा संध्याकाळी सहाला गेले. मला काहीच वाटलं नाही. सह्या केल्या. कॅन्टीनमध्ये चहा घेतला. साखर जास्त झालीय, एवढं नीट कळलं. मग ताईला फोन केला.

ती सकाळी पोचली. बुद्धविहारातली चार माणसं घरी येऊन बसली होती. ती बाबांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "रिपोर्ट दाखव." मी मोबाईल दिला. तिने बोटाने सरकवत सरकवत शेवटची ओळ वाचली आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

याला काही वर्षं झाली. बाबांसाठी मी अजून रडलेलो नाही. लाज वाटते, पण नाही. मध्यंतरी मला ताप आला. ताईचा फोन आला तेव्हा म्हटलं, "काही नाही गं, रिपोर्ट नॉर्मल आहे."

"राहू दे तुझं नॉर्मल," ती म्हणाली. "मी गाडीत बसलेय."