आमच्याकडे पाणी चालत नाही

माझ्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही विचारा, माझा एकच नियम होता. कटरवर पाणी घालायचं नाही.

मी दगडाचा मिस्त्री. इंदूरमध्ये स्वयंपाकाचे ओटे बसवण्यात माझी उमर गेली. आधी कोटा स्टोन, मग मार्बल, मग ग्रॅनाइट, आणि आता हा कारखान्यात बनवलेला पांढराशुभ्र दगड, ज्याला लोक क्वार्ट्झ म्हणतात. दुसरे मिस्त्री काय करतात, एका माणसाच्या हातात झाकणाला भोक पाडलेली प्लास्टिकची बाटली देतात. कटर चालतो तिथे तो पाण्याची धार सोडत राहतो. धूळ उडत नाही हे खरं. पण पाणी आणि भुकटी मिळून चिखल होतो, पेन्सिलची रेघ पुसली जाते आणि कटर सूतभर सरकतो. सूतभर सरकला म्हणजे दोन दगडांच्या सांध्यात नख जातं. माझ्या ओट्यावर डोळे मिटून हात फिरवा, सांधा कुठे आहे ते कळणार नाही. पार्टी, म्हणजे घरमालक, मला शोधत यायची ती याच्यासाठी. कोणी पाण्याचं नाव काढलं की मी सांगायचो, आमच्याकडे पाणी चालत नाही.

या कामाचा मला गर्व होता आणि तो लपवण्याची मला कधी गरज वाटली नाही. आमचे आजोबा महूला पलटणीत होते. त्यांच्या मागे घरातले सगळे शिकले. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, एक चुलतभाऊ मास्तर. मी पाचवीतून उठलो. लग्नकार्यात हे लोक एकमेकांना विचारायचे, सध्या पोस्टिंग कुठे. मला कोणी काही विचारत नसे. मग मीच विचारायचो, तुमच्या घरचा ओटा कोणी बसवलाय? सगळ्यांच्या घरचा मीच बसवला होता.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, हा दहावीत नापास झाला, मी त्याला कामावर घेतलं. हात बघितला तर माझ्यापेक्षा स्थिर. मी रेघ मारायची आणि त्याने कापायचं, अशी आमची जोडी पस्तीस वर्षं चालली. मला दादा म्हणायचा आणि मी सांगितलेलं कधी खाली पडू द्यायचा नाही. आमच्या दोघांबरोबर पाच जण होते, सगळे मानपूरकडचे. त्यांनाही काम मीच शिकवलेलं.

आता या नवीन उंच बिल्डिंगांमध्ये काय असतं, की शेजारचे लोक राहायला आलेले असतात. धूळ त्यांच्याकडे जाते म्हणून चौकीदार येऊन खिडक्या बंद करायला लावतो. बंद स्वयंपाकघरात दिवसभर कटर चालायचा. माणसं बाहेर यायची ती पिठाच्या चक्कीतून निघाल्यासारखी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. तोंडाला गमछा बांधलेला असायचा, तोही पांढरा. मग मी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचो. सियागंज बाजारातून मी स्वतः पारखून ढेप आणायचो, काळा गूळ, केमिकलचा नाही. गुळाने छातीतली धूळ खाली उतरते, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं आणि मी या सगळ्यांना शिकवलं. गूळ दिला म्हणजे आपण माणसांची काळजी घेतली, असं मला खरोखर वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या शेडवर एक डॉक्टर मॅडम आल्या. बरोबर दोन शिकाऊ डॉक्टर आणि फॉर्मचा गठ्ठा. दगडाच्या धुळीने कामगारांच्या छातीचं काय होतं याचा अभ्यास चाललाय म्हणाल्या. मॅडम मराठी होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही पाण्याने कापता की कोरडं?"

प्रश्न ऐकूनच मला कळलं की बरोबर उत्तर कोणतं आहे. आणि चुकीचं उत्तर देण्याची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "पाण्याने."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. धाकटा लगेच म्हणाला, "हो मॅडम, पाण्यानेच. दादा कोरडं कापूच देत नाहीत." मग बाकीच्यांनीही तेच सांगितलं.

नंतर त्यांनी एका मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. मी अशी फुंक मारली की मॅडम हसल्या. "काका, तुमची छाती तर या सगळ्यांपेक्षा चांगली आहे."

"चाळीस वर्षं धूळ खाल्ली, मॅडम. वरून गूळ."

"गूळ पोटात जातो हो, काका. धूळ फुफ्फुसात. त्या दोघांची गाठच पडत नाही."

माणसं हसली. मला ते आवडलं नाही. माझ्या शेडमध्ये माझ्या माणसांसमोर बाई मला गूळ शिकवत होती. धाकट्याची फुंक मध्येच तुटली आणि तो खोकत बसला. मॅडमनी त्याला छातीचा फोटो काढायला सांगितलं, चिठ्ठी दिली. त्या गेल्यावर मी ती चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली आणि म्हणालो, "तुला टीबी होता, गोळ्या खाल्ल्या, अजून थोडा बाकी असेल. फोटो काय करायचाय." त्याने हो म्हटलं. चिठ्ठी मी खिशात घातली. पुढे ती कुठे गेली मला माहीत नाही.

त्याने परत सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. मोहल्ल्यातला डॉक्टर खोकला बघायचा, वजन बघायचा आणि गोळ्या लिहायचा. काम काय करतोस हे त्याने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. बलगमची, म्हणजे बेडक्याची, तपासणी दोन्ही वेळा कोरी आली होती, टीबीचे जंतू निघालेच नव्हते, हे मला पुढे कळलं. गोळ्यांनी त्याचं पोट बिघडलं, डोळे पिवळे झाले. जिना चढताना तो मधल्या पायरीवर बसायला लागला. नंतर चपला घालताना दम लागायला लागला. तिसऱ्यांदा त्याच गोळ्या लिहिल्या तेव्हा त्याची बायको माझ्याकडे आली. ती माझ्याशी कधी जास्त बोलत नसे. त्या दिवशी डोक्यावरचा पदर न सांभाळता समोर उभी राहिली.

"दादा, तिसरी वेळ आहे. ह्या गोळ्यांनीच जातील ते. मोठ्या दवाखान्यात चला. तुम्ही म्हटल्याशिवाय ते येणार नाहीत."

आम्ही तिघं गेलो. छातीचा फोटो काढला आणि ज्या खोलीत पाठवलं तिथे त्याच मॅडम बसलेल्या. फोटो त्यांनी उजेडाला धरला. मग कंप्युटरमध्ये धाकट्याचा जुना फॉर्म काढला.

"यात तर लिहिलंय की तुम्ही पाण्याने कापत होतात. हा फोटो मला धुळीचा वाटतो, टीबीचा नाही. पण पाण्याने कापणाऱ्याचा फोटो इतका खराब मी बघितला नाही. नीट आठवून सांगा. तुम्ही धुळीत किती होतात यावर ठरेल की गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या."

धाकटा एकेक शब्द श्वासाला धरून बोलत होता. "पाण्यानेच, मॅडम." मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघून बोलला.

त्याची बायको म्हणाली, "मॅडम, यांचे कपडे मी धुते. बनियन झटकलं की..." त्याने हात वर करून तिला थांबवलं.

तो गोळ्या खाऊन मेला असता, पण माझी मान खाली होऊ दिली नसती. मला हे तिथे त्या स्टुलावर बसून समजलं. पस्तीस वर्षांत आधी कधी समजलं नव्हतं.

मी म्हणालो, "कोरडं. सगळं काम कोरडं. मी पाणी घालू दिलं नाही. फॉर्मवर पण मीच खोटं सांगितलं."

मॅडमनी रागावल्यासारखं काही केलं नाही. का, एवढंच विचारलं. मी रेघेचं सांगितलं, सांध्याचं सांगितलं. सांगताना माझ्याच कानाला ते कसंतरी लागत होतं, म्हणून मी अजून जोरात बोललो. "पण मॅडम, मी पण त्याच धुळीत होतो. याच्याआधीपासून. मला तर काही झालं नाही. तुम्ही स्वतः बघितलंत."

"काका, कटर कोणाच्या हातात असायचा?"

"याच्या."

"आणि तुम्ही तेव्हा कुठे असायचात?"

मी रेघ मारायचो. मग खाली जायचो. पार्टीशी बोलायला, दुसऱ्या फ्लॅटचं माप घ्यायला, चहा प्यायला. वर यायचो तोपर्यंत धूळ बसलेली असायची. मग मी सांध्यावर नख फिरवून बघायचो. हे सगळं मी त्यांना सांगितलं. खोलीत भावाच्या श्वासाचा आवाज येत होता, शिट्टीसारखा.

मॅडमनी आणखी दोन तपासण्या करवल्या आणि मग गोळ्या बंद केल्या. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. दगडाची धूळ फुफ्फुसात रुतते आणि तिथे गाठी करते. केलेलं नुकसान परत फिरवणारं औषध नाही. त्या म्हणाल्या की मार्बलमध्ये हा धोका कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त, आणि या बनवलेल्या पांढऱ्या दगडात सगळ्यात वाईट. जो रोग व्हायला आधी अर्धं आयुष्य लागायचं तो आता थोड्या वर्षांत होतो, हे जगभर नव्याने दिसायला लागलंय. शेवटची आठ वर्षं आम्ही तोच दगड कापत होतो. त्याच्यावर सांधा सगळ्यात सुंदर बसतो.

परत येताना धाकटा ऑटोत कडेला बसला. लालबागच्या भिंतीजवळ गर्दीत ऑटो अडकली तेव्हा म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. पण दादा, तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं. मी मॅडमसमोर खोटा पडलो."

त्याची बायको मध्ये बसली होती. समोर बघत म्हणाली, "खोटं बोलायला शिकवलं कोणी?"

ऑटोवाला आरशातून बघायला लागला.

घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "त्या पाचांना फोटो काढायला लावा. तुमचंच ऐकतील ते."

मलाही असंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो. पाचही जण चहाला बसलेले. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, मग एकजण म्हणाला, "दादा, आप तो साठ पार हो गए, अब भी चार माला चढ़ जाते हो. धूल से होता तो पहले आपको होता."

दुसरा म्हणाला, "और क्या भिया. उनको टीबी थी, बिगड़ गई."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, कारण ते मीच त्यांना शिकवलं होतं. कोणी खोकला की मी छाती ठोकून दाखवायचो, बघा, मला काय झालं. मला आता एकच गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती तोंडातून निघत नव्हती. कामगारांसमोर मिस्त्रीने असं बोलायचं नसतं.

मी म्हणालो, "मैंने कटर पकड़ा ही नहीं. तुम सब जानते हो. कटर तुम लोगों ने पकड़ा."

सगळ्यात जुना जो होता तो हसला. "तो फिर मिस्त्री किस बात के, दादा?"

मस्करीतच बोलला. आधीची गोष्ट असती तर मी त्याला त्याच दिवशी कामावरून काढला असता. मी त्याच्या शेजारी खाली बसलो. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, फोटो कुठे काढायचा.

तो आला आणि त्याच्याबरोबर एक आला. त्या दुसऱ्याचं वय चाळीसही नाही, त्याच्या फोटोत तसेच पांढरे ठिपके निघाले. जुन्याच्या फोटोबद्दल मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांनी परत बघू. बाकीचे तिघं कामावर आहेत. मी समोर गेलो की पाण्याची बाटली काढतात, मी वळलो की ठेवून देतात. पार्टीला चिखल चालत नाही म्हणतात.

धाकट्याला आता आडवं झोपता येत नाही. भिंतीला गाद्या लावून बसून झोपतो, नाकात ऑक्सिजनची नळी. बोलताना दोन शब्दांनंतर थांबतो. त्या दिवशी मी गेलो तर त्याने विचारलं, "किती?"

"दोन."

"बाकीचे?"

"परवा परत जाईन. दोन दिवस त्यांचं निपानियाला मोठं काम आहे."

तो श्वास जमवत राहिला. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "परवा नाही. उद्या जा."

आजवर त्याने माझा शब्द कधी मोडला नव्हता. मी हो म्हटलं.