भोर-वेल्ह्याचं दही आणि आमचं पायरुव्हेट

तीन माणसं एका खोलीत जंतू वाढवायला बसली, की जंतूंच्या आधी किस्से वाढतात! पन्नासच्या दशकात पुण्याच्या एका कॉलेजात आमची अशी प्रयोगशाळा होती. सर, शांता आणि मी. भोर-वेल्ह्याच्या गावांतून दही गोळा करायचं आणि त्यातले जंतू साखरेचं काय करतात ते बघायचं. साखर मोडून आधी पायरुव्हेट होतं. पुढं त्याचं काय करायचं, ते जंतूतलं एन्झाइम ठरवतं. दह्याच्या जंतूत त्याचं आंबट ॲसिड होतं, यीस्टमध्ये दारू.

*

गुंजवण्याच्या वरच्या धनगरवस्तीवर धोंडाबाई नावाच्या म्हातारीला सरांनी हेच अर्धा तास समजावलं. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "म्हंजी पोरगी येकच. ज्या घरी पडली, तशी झाली!"

सरांनी वही काढून लिहून घेतलं. पुढं वर्गात ते एवढंच शिकवायचे.

*

एकदा सारोळ्याजवळ एसटीत शांताच्या मांडीवरच्या बाटलीचं बूच फाट्‌कन उडालं! आत गूळपाण्यात यीस्ट होतं. यीस्टचं एन्झाइम पायरुव्हेटमधून आधी गॅस काढतं, हे आम्हीच विसरलो होतो. घमघमाट सुटला. दिवस दारूबंदीचे. कंडक्टर धावत आला.

"बाई, दारू हाय का ही?"

शांताला खोटं बोलताच यायचं नाही. "अजून पुरती झाली नाही हो. थोडं पायरुव्हेट आहे!"

कंडक्टरनं गंभीरपणे विचारलं, "त्याला बंदी हाय का?"

"नाही."

"मग बसा!"

*

जंतूंतून काढलेलं एन्झाइम गरम झालं की वाया जातं, म्हणून आम्ही ते बर्फात ठेवायचो. एका दुपारी बघते तर माझी पंधरा दिवसांची मेहनत कोमट! बर्फ गायब. शांता तापानं फणफणली होती. सरांनी सगळा बर्फ फडक्यात बांधून तिच्या कपाळावर धरला होता.

मी रडकुंडीला आले. सर म्हणाले, "एन्झाइम पुन्हा काढता येईल गं. शांता कुठून काढू?"

*

आणि भोंगवलीचे म्हादबा. आमच्याबद्दल ऐकून ते एक दिवस फडक्यात बांधलेलं गाडगं घेऊन थेट पुण्याला आले. चार महिन्यांमागं त्यांची बायको वारली होती. तिनं शेवटचं लावलेलं दही त्यांनी संपू दिलं नव्हतं. त्यातलंच विरजण रोज नव्या दुधाला लावत आले होते. आता लेक त्यांना मुंबईला नेणार होता.

"तितं मला जमायचं न्हाई. तुमच्यात ठिवाल का?"

सरांनी उठून दोन्ही हातांनी गाडगं घेतलं. काचेच्या नळीवर चिठ्ठी लावायला मी नाव विचारलं. म्हादबा लाजले. तोंड फिरवून हळूच म्हणाले, "यसुदा."

सरांनी दह्याचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शक नीट लावून दिला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. म्हादबा बराच वेळ डोळा लावून होते.

"लई हायत की!" शेवटी ते म्हणाले. "मला वाटलं, येकटीच आसंल."